थंडीत पंखा बंद, कूलर माळ्यावर, तरी लाईट बिल का वाढतं? होटगीतल्या घरांसाठी बादलीपासूनचा हिशोब

होटगी (ता. दक्षिण सोलापूर) : दिवाळी झाली की कूलर माळ्यावर जातो, पंख्याचा स्पीड पाचावरून दोनवर येतो. बिल कमी येणार असं घरातले सगळे धरून चालतात. आणि डिसेंबरचं बिल हातात पडलं की तेच जण मीटरवर संशय घेतात. "मीटर पळतंय" हे वाक्य थंडीत जितकं ऐकू येतं तितकं उन्हाळ्यातही येत नाही.

मीटर क्वचितच पळतं. बहुतेक घरांत पळतं ते पाणी तापवायचं रॉड. सोलापूर जिल्ह्यातली थंडी काही काश्मीरची नाही. दुपारी ऊन चटका देतं, पण पहाटे टाकीचं पाणी अंगावर घ्यायची हिंमत होत नाही. त्यामुळे इथल्या घरांत हिवाळ्यातला विजेचा खर्च म्हणजे मुख्यतः आंघोळीच्या पाण्याचा खर्च. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्याच्या मागं.

होटगीत हा विषय निघाला की कुणीतरी बोलतंच, "वीज तर आपल्याच दारात तयार होते." गोष्ट खरी आहे. फताटेवाडी-आहेरवाडी भागात एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आहे, ६६० मेगावॉटचे दोन संच, मिळून १३२० मेगावॉट. पण तिथली वीज होटगीच्या डीपीला थेट येत नाही. ती मोठ्या लाईनवरून देशाच्या ग्रिडमध्ये जाते आणि इतर राज्यांनाही मिळते. आपल्या घरी येते ती महावितरणची वीज, आणि तिचा दर मुंबईतला राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. चिमणी गावातून दिसत असली तरी दर गडचिरोलीत जो तोच होटगीत.

आधी १०० चा आकडा समजून घ्या

घरगुती बिलात टप्पे असतात: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढं. दर दरवर्षी बदलतात, तुमच्या बिलावर छापलेले असतात. हिशोबापुरतं धरायचं तर वहन आकार मिळवून पहिल्या १०० युनिटांना साधारण ६ रुपये आणि १०१ पासून पुढं साधारण साडेअकरा रुपये. म्हणजे शंभरावं युनिट सहा रुपयाला आणि एकशे एकावं जवळपास दुप्पट. त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळं. स्थिर आकार, म्हणजे ज्याला आपण मीटरचं भाडं म्हणतो, तो युनिट जळो न जळो द्यावाच लागतो. तो सव्वाशे-एकशेतीस रुपयांच्या आसपास असतो.

इथं एक गैरसमज सगळीकडं आहे. १०१ युनिट झाले की सगळ्याच युनिटांना मोठा दर लागतो, असं लोक समजतात. तसं नाही. पहिल्या १०० ला कमीच दर लागतो, वरच्या युनिटांनाच मोठा दर लागतो. त्यामुळे ११० युनिट झाले म्हणजे सगळं गेलं असं होत नाही. पण १०० च्या वरचं प्रत्येक युनिट शुल्क धरून तेरा रुपयांच्या पुढं जातं, हे मात्र डोक्यात ठेवलं पाहिजे. थंडीत वाचवायचं आहे ते हेच वरचं युनिट.

दुसरी गोष्ट. रीडिंग घ्यायला माणूस उशिरा आला आणि बिल ३० ऐवजी ३६ दिवसांचं झालं, तर १०० ची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून धरतात. बिलावरच्या चालू आणि मागील रीडिंगच्या तारखा बघितल्या की किती दिवसांचं बिल आहे ते कळतं. भांडायच्या आधी या दोन तारखा बघाव्यात.

आता एका घराचा हिशोब घेऊ. समजा घरात पाच माणसं आहेत. ऑक्टोबरात ९५ युनिट आले. ९५ गुणिले ६ म्हणजे ५७०, त्यात स्थिर आकार १३०, एकूण ७००, वर १६ टक्के. बिल आलं ८१२ रुपये. डिसेंबरात पंखे कमी झाले, २० युनिट वाचले. पण रॉडचे ६० युनिट वाढले, अंधार लवकर पडतो म्हणून दिव्यांचे ५ वाढले. एकूण १४०. आता पहिल्या १०० चे ६०० रुपये, वरच्या ४० चे ४६०, स्थिर आकार १३०. शुल्क धरून बिल जातं १३८० वर. युनिट वाढले फक्त ४५, बिल वाढलं ५६८ रुपयांनी. मीटर पळालं नाही, टप्पा बदलला.

रॉडचे ६० युनिट आले कुठून?

एक बादली म्हणजे १५ लिटर पाणी धरा. पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशाच्या आसपास असतं. आंघोळीला ४० अंश पुरतं. २२ अंशानं १५ लिटर पाणी तापवायला साधारण ०.३८ युनिट लागतं, थोडी उष्णता वाया जाते म्हणून ०.४ धरा. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे रोज २ युनिट, महिन्याला ६०. यात कुठलीही चूक किंवा उधळपट्टी धरलेली नाही. रॉड विसरून पाणी उकळत राहिलं तर त्याचे पैसे आणखी वेगळे.

दुकानात १००० वॉटचं रॉड घ्यावं की १५०० चं, यावर बरीच चर्चा होते. लहान रॉडनं बिल कमी येतं असं दुकानदारही सांगतात. एका बादलीला लागणारी उष्णता तेवढीच असते. १००० वॉटच्या रॉडला साधारण २३-२५ मिनिटं लागतात, १५०० च्या रॉडला १५-१६ मिनिटं, युनिट तेवढंच. फरक वेळेचा आणि वायरीवर पडणाऱ्या ताणाचा. जुन्या वायरिंगच्या घरात लहान रॉड बरं, एवढंच.

खरा पैसा वाया जातो तो विसरण्यात. रॉड लावलं, गोठ्यात गेलं, धार काढून आलं, तोवर पाणी खदखदतंय आणि न्हाणी वाफेनं भरलीय. अर्धा तास जास्त म्हणजे अर्धं युनिट हवेत. हातात स्मार्टफोन आहे, त्यात २५ मिनिटांचा अलार्म लावायला काही पडत नाही. आणि पाणी तापलं की एकामागून एक आंघोळ उरकावी. सहाला तापवलेलं पाणी आठपर्यंत बादलीत ठेवून परत रॉड टाकायचं, हे बहुतेक घरांतलं चित्र. शाळेची पोरं उठवायची वेळ आणि रॉडची वेळ एक केली तरी महिन्याला पाच-सहा युनिट वाचतात.

बोअरचं पाणी कोमट असतं, त्याचा फायदा घ्या

जुन्या माणसांना हे माहीत आहे: थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. पाणी काही बदलत नाही. जमिनीत खोलवर वर्षभर तापमान जवळपास सारखंच राहतं, आणि सोलापूरच्या हवेत ते २६-२७ अंशांच्या आसपास असतं. पहाटे बाहेरची हवा १५ अंश असली की तेच पाणी हाताला ऊन लागतं.

तेच पाणी आदल्या दिवशी वर टाकीत चढवलं की रात्रभरात गार होऊन १८ वर येतं. म्हणजे जमिनीनं फुकट दिलेले नऊ अंश आपण गच्चीवर घालवतो आणि सकाळी विजेनं विकत घेतो.

ज्यांच्या दारात बोअर किंवा विहीर आहे त्यांनी आंघोळीच्या बादल्या सकाळी थेट मोटरीच्या पाण्यानं भराव्यात. सुरुवातीचं पाणी पाईपात थांबलेलं असतं, ते गार येतं, ते टाकीला किंवा झाडांना सोडावं. मग येणारं पाणी बादलीत घ्यावं. २७ अंशावरून ४० पर्यंत न्यायला २२ ऐवजी १३ अंशच चढवावे लागतात. पाच बादल्यांचा महिन्याचा खर्च ६० युनिटांवरून ३५ वर येतो. वरच्या टप्प्यातले २५ युनिट म्हणजे शुल्कासकट सव्वातीनशे रुपयांच्या पुढं. मोटर पाच मिनिटं चालली तर जळतं किती? एक एचपीची मोटर पाच मिनिटांत युनिटाचा सोळावा हिस्सा घेते. तसंही टाकी भरायला ती चालवायचीच असते, फक्त वेळ संध्याकाळऐवजी सकाळची करायची. सकाळी लाईट असेल तरच हे जमतं, हेही खरं.

ज्यांना नळाच्याच पाण्यावर भागवावं लागतं आणि पाणी टिपाडात साठवावं लागतं, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग ऊन. दुपारी चार वाजता गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चांगलं कोमट असतं, पहाटे तेच सगळ्यात गार. म्हणून सकाळच्या आंघोळीचं पाणी संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत उतरवून घ्यावं, झाकणाच्या बादल्यांत किंवा कॅनमध्ये भरून घरात ठेवावं, वर जुनी गोधडी टाकावी. सकाळपर्यंत ते टाकीतल्या पाण्याइतकं गार होत नाही. अंगणात काळा रंग दिलेलं पत्र्याचं टिपाड दिवसभर उन्हात ठेवलं तर शाळेतून आलेल्या पोरांची आंघोळ, भांडी, धुणं सगळं त्यात निघतं. म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान लेकरांनी थंडीत दुपारी बारा-एकला आंघोळ केली तर रॉडची गरजच पडत नाही. पूर्वी तसंच होतं.

गॅस, बंब की वीज?

यावर गावात ठाम मतं आहेत, पण आकडे कुणी मांडत नाही. टाकीच्या गार पाण्याची एक बादली घरच्या गॅसवर तापवायला साधारण ५० ग्रॅम गॅस जातो. सिलिंडर १४.२ किलोचा, साडेआठशे-नऊशे रुपयांचा धरला तर बादलीला तीन रुपये. विजेवर तीच बादली १०० युनिटांच्या आत असाल तर पावणेतीन-तीन रुपये, म्हणजे बरोबरीत. १०० च्या वर गेलात तर सव्वापाच रुपये. तेव्हा महिन्याचा वापर शंभराच्या आत राहणार असेल तर रॉड परवडतं. शंभर ओलांडला असेल तर गॅस स्वस्त. उज्ज्वलाच्या कनेक्शनला सबसिडी मिळते, त्यांना गॅस आणखी स्वस्त पडतो. पण सबसिडीचे सिलिंडर मोजकेच असतात, ते आंघोळीत संपवायचे की स्वयंपाकाला ठेवायचे हे त्या घरानं ठरवायचं.

गॅसवर पाणी ठेवताना पातेल्यावर झाकण हवं आणि जाळ पातेल्याच्या बुडाबाहेर जाता कामा नये. बाहेर गेलेला जाळ हँडल तापवतो, पाणी नाही.

राहिला बंब. तांब्याचा बंब अनेक घरांत माळ्यावर पडून आहे, काहींनी मोडीत घातला. मधोमध जाळाची नळी आणि चारी बाजूंनी पाणी, अशी त्याची रचना असते. चुलीवर पातेलं ठेवलं की निम्म्याहून जास्त जाळ बाजूनं निघून जातो, बंबात तो पाण्यातूनच वर जातो. डिसेंबर-जानेवारीत तुरीची काढणी होते. तुराट्या बांधावर पडलेल्या असतात, त्या पेटवून देण्यापेक्षा बंबात घातल्या तर पाच माणसांचं पाणी फुकट होतं. तुराटी भरभर पेटते आणि जाळ मोठा देते, बंबाला तसंच जळण लागतं. ज्वारीची धसकटंही चालतात. ज्यांच्या घरी शेत आहे आणि सकाळी जाळ घालायला माणूस मोकळा आहे, त्यांना यापेक्षा स्वस्त दुसरं काही नाही. ज्यांना जळण विकत घ्यावं लागतं त्यांनी या भानगडीत पडू नये. आणि बंब अंगणातच पेटवायचा. धूर घरात घेऊन वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात, आणि तो धूर बायकांच्याच वाट्याला येतो.

दारिद्र्यरेषेखालच्या कनेक्शनला मोठा धोका

हा भाग नीट वाचा, कारण इथं नुकसान एका महिन्याचं नसतं. बीपीएल वर्गातल्या घरगुती ग्राहकांना दर कितीतरी कमी असतो. पण त्याला दोन अटी आहेत: मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत आणि वर्षभराचा वापर ३६० युनिटांच्या आत, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिट. आर्थिक वर्षात ३६० ओलांडले की कनेक्शन साध्या घरगुती वर्गात जातं. एकदा गेलं की पुढच्या वर्षी वापर कमी केला तरी ते परत बीपीएलमध्ये येत नाही.

आता गणित करा. रोज दोन बादल्या रॉडवर तापवल्या तर महिन्याला २४ युनिट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार महिन्यांत ९६ युनिट. ज्या घराचा एरवीचा वापर महिन्याला २५ आहे त्याचे वर्षाचे होतात ३००, रॉड धरून जवळपास ४००. एका हिवाळ्यात सवलत कायमची गेली. शिवाय १००० वॉटचं रॉड म्हणजे एक किलोवॉट, मंजूर भाराच्या चौपट. अशा घरांनी रॉड आणूच नये. चूल, बंब, ऊन, उज्ज्वलाचा गॅस, काहीही चालेल. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. एप्रिलपासूनचे आकडे आजच बेरीज करून बघा आणि मार्चपर्यंत किती युनिट शिल्लक आहेत ते काढा.

बाकीचं घर

रूम हीटरची गरज होटगीत खरं तर कुणाला नाही. तरी अलीकडं ऑनलाईन मागवले जातात. २००० वॉटचा हीटर रात्री तीन तास चालला तर सहा युनिट, म्हणजे पाच जणांच्या आंघोळीच्या तिप्पट. जीआय मानांकन मिळालेली सोलापुरी चादर ज्या जिल्ह्यात तयार होते तिथं हीटर लावून झोपणं जरा चमत्कारिकच. खिडकीची फट, दाराखालची फट पोत्यानं बंद केली आणि अंगाखाली एक जादा घोंगडी टाकली तर थंडी खालून येत नाही. पांघरूण वाढवण्यापेक्षा अंथरूण वाढवल्यानं जास्त ऊब मिळते.

पंख्याचं मात्र विचित्र आहे. थंडीतही अनेक घरांत रात्रभर पंखा चालूच असतो, डासांसाठी. अंगावर दोन चादरी आणि डोक्यावर पंखा. ७५ वॉटचा पंखा दहा तास चालला की महिन्याला २२ युनिट जातात. मच्छरदाणी एकदाच घ्यावी लागते.

पिवळा बल्ब अजून न्हाणीत, गोठ्यात आणि अंगणात टिकून आहे. ६० वॉटचा बल्ब रोज सहा तास म्हणजे महिन्याला ११ युनिट, ९ वॉटचा एलईडी दीड-पावणेदोन युनिट. डिसेंबरात सहाच्या आधीच सूर्य मावळतो आणि सकाळी सातपर्यंत अंधुक असतं, त्यामुळे दिवे एरवीपेक्षा दीड-दोन तास जास्त जळतात. कोंबडीच्या पिल्लांना ऊब म्हणून बल्ब लावला असेल तर तो राहू द्या, तिथं उष्णताच हवी असते. बाकीचे बदला.

फ्रिजचं बटण उन्हाळ्यात जिथं ठेवलं होतं तिथंच असतं. आतलं बटण एक किंवा दोनवर आणा, थंडीत तेवढं पुरतं. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस गरम असतो, हात लावून बघा. भिंतीवरचं बटण बंद केलं की महिन्याला चार-पाच युनिट वाचतात. मोबाईलचा नुसता लावून ठेवलेला चार्जर मात्र नावाला वीज खातो. आजी नातवाला चार्जर काढण्यावरून ओरडते आणि न्हाणीत पाणी उकळत असतं, अशातली गत.

स्वयंपाकघरात थोडं. तूरडाळ, हरभरा, मटकी थंडीत शिजायला वेळ लागतो, रात्री भिजत घातली तर कुकरच्या शिट्ट्या निम्म्यावर येतात. कडक भाकरी ही आपल्याकडची जुनी इंधनबचतच आहे. तवा एकदा तापला की आठ-पंधरा दिवसांच्या भाकऱ्या एका बैठकीत निघतात, रोज तवा तापवायचा जाळ वाचतो.

गिझर असेल तर दिवसभर चालू ठेवू नका. तो आपोआप बंद होतो हे खरं, पण पाणी गार झालं की आपोआप परत चालूही होतो. अंघोळीआधी १५-२० मिनिटं लावा आणि वापरताना बंद करा. तापमानाचं बटण ६०-७० वर असेल तर ४५-५० वर आणा. बोअरचं जड पाणी असेल तर रॉडवर आणि गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो. त्या थरामुळं कॉईल आतून जास्त तापते आणि जळते. रॉड आठवड्यातून एकदा लिंबाच्या सालीनं किंवा व्हिनेगरनं पुसलं की थर निघतो. पुसताना प्लग काढलेला हवा.

मीटर खरंच पळतंय का, हे घरी तपासा

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० असा आकडा लिहिलेला असतो, काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतो. ३२०० म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि पाच मिनिटं मीटरकडं बघा. दिवा लुकलुकतच राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा कुणी तुमच्या वायरीवर जोडलंय. वायरमनला बोलवा.

मग फक्त १००० वॉटचं रॉड लावा. ३२०० च्या मीटरवर दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला पाहिजे, म्हणजे जवळपास सेकंदाला एकदा. व्होल्टेज कमी असेल तर थोडा कमी लुकलुकतो. पण ८०-९० वेळा लुकलुकला तर मीटर तपासून घ्यायला अर्ज करायला हरकत नाही. आठवडाभर रोज एकाच वेळी मीटरचा फोटो काढून ठेवा. फोटोवर तारीख-वेळ आपोआप येते, तक्रार करताना तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखवलेला बरा. बिलावर मीटरचा फोटोही छापलेला असतो, त्यातलं रीडिंग आणि बिलातलं रीडिंग जुळतं का बघा. तक्रारीसाठी १९१२ हा टोल फ्री नंबर आहे, महावितरणच्या ॲपवरही करता येते.

ॲपचा आणखी एक उपयोग. कागदी बिल नको म्हणून नोंदवलं की दर बिलामागं १० रुपये सूट मिळते. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर वीज आकारावर एक टक्का सूट असते. रक्कम लहान आहे, पण मागितल्याशिवाय पहिली मिळत नाही.

ज्यांच्याकडं स्मार्ट मीटर बसलंय त्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागं ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. पहाटे सहाचं रॉड त्यात बसत नाही. पण टाकीची मोटर, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन, दुपारची आंघोळ हे सगळं त्या वेळेत करता येतं.

छतावरच्या सोलरचं हिवाळ्यात चालत नाही असं काहीजण सांगतात. आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र असतं आणि पॅनल थंड राहिले की वीज जरा चांगलीच देतात. एक किलोवॉट पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण वर सांगितलेलं करून ज्यांचं बिल शंभर युनिटांत बसतं त्यांनी कर्ज काढून तीन किलोवॉट बसवायची घाई करू नये. फेरीवाले एजंट मोठाच प्लांट गळ्यात मारतात. बारा महिन्यांचे युनिट बेरीज करून बारानं भागा, आणि तेवढ्यापुरतंच घ्या.

रॉड आणि शेगडी: इथं पैशाचा प्रश्न नाही

रॉडनं दरवर्षी थंडीत माणसं जातात. कारण बहुतेक वेळा एकच, चालू रॉड असताना पाण्यात बोट घालून बघणं. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. रॉड पाण्यात सोडून मगच बटण लावायचं. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बादली नको, प्लास्टिकचीच घ्या, आणि रॉड बादलीच्या तळाला टेकवू नका. प्लग तीन पिनांचाच हवा आणि तिसरी पिन खरोखर अर्थिंगला जोडलेली हवी. अनेक घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आपली जमीन कोरडी, त्यामुळे अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, महिन्यातून दोनदा त्यात पाणी ओता. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवलं तर शॉक लागताक्षणी लाईट आपोआप जाते. ज्या न्हाणीत लहान पोरं जातात तिथं रॉड लावून दार उघडं ठेवू नये, पोरगं आधी बादलीकडंच धावतं.

शेगडीत कोळसे घेऊन दारं-खिडक्या लावून झोपणं त्याहून वाईट. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस खोकतही नाही आणि उठतही नाही. बंद न्हाणीतल्या गॅस गिझरचंही तसंच आहे, तो न्हाणीच्या बाहेर भिंतीवर बसवावा आणि पाईपनं पाणी आत घ्यावं. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायला शेगडी न्यायची असेल तर खिडकी उघडी ठेवून, माणूस जागा असतानाच न्यावी, आणि शेकून झालं की शेगडी उचलून अंगणात ठेवावी.